घराण्याचा शोध आणि गांवाचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं नवव्या इयत्तेंतील मुलांस एक लहानसा अभ्यास दिला होता. प्रत्येकानें आपल्या घराण्याच्या चार पिढ्यांचीं नांवें, त्यांचीं जन्मगांवें आणि त्यांचा चरितार्थाचा धंदा एवढेंच एका पानावर लिहून आणावयाचें होतें. सुटी संपली आणि वह्या आमच्या टेबलावर येऊन पडल्या. वडिलांचें नांव सर्वांनीं लिहिलें होतें; आजोबांचें बहुतेकांनीं; पणजोबांच्या जागीं मात्र पुष्कळ वह्यांत नुसती रेघ होती. आणि आजीचें माहेरचें नांव विचारलें, तेव्हां सारा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागला. शिवाजी महाराजांच्या आजोबांचें नांव ज्यांना तोंडपाठ, त्यांना आपल्या आजीच्या वडिलांचें नांव ठाऊक नसावें, याचें आम्हांस हसूं आलें. पण त्याच रात्रीं आम्ही स्वतः तसला कागद पुढें घेऊन बसलों, आणि चौथ्या ओळीवर आमचीही लेखणी थांबली.

म्हणून आपल्या पूर्वजांचा माग कसा काढावा, आणि त्या मागावर जातां जातां गांवाचा इतिहास कसा हातीं लागतो, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींही हें वाचावें, कारण या कामांतील पहिलें पुस्तक म्हणजे तेच.

आरंभ करावयाचा तो कचेरींतील दप्तरापासून नव्हे, घरांतील सर्वांत वृद्ध माणसापासून. कागद पुढच्या वर्षींही कपाटांत असेल. आजी असेलच, असें कोणीं सांगावें? मात्र म्हाताऱ्या माणसास विचारावयाचीही एक रीत आहे. ‘आजी, तुझा जन्म कोणत्या सालीं झाला?’ असें विचारलें तर ‘मला काय ठाऊक, बाबा!’ एवढेंच उत्तर येईल. त्याऐवजीं ‘पानशेतचें धरण फुटलें तेव्हां तुझ्या कडेवर कोण होतें?’ असें विचारून पाहा. पानशेत फुटलें १२ जुलै १९६१ रोजीं. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजीं. मोठा दुष्काळ पडला १९७२ सालीं. या खुंट्यांना वृद्धांच्या आठवणी टांगलेल्या असतात. ‘दुष्काळांत मी तळ्याच्या कामावर खडी फोडीत होतें आणि तुझा बाप झोळींत होता,’ असें आजी म्हणाली, कीं वडिलांचें वय आणि गांवच्या पाझर तलावाचें वय, दोन्ही एकदमच कळलीं. ती बोलत असतां मध्येंच तिची चूक काढूं नये. हल्लीं मोबाइलवर आवाज उतरून घेतां येतो, तो अवश्य घ्यावा. तरी त्याच दिवशीं वहींतही टिपून ठेवावें, आणि कोणीं सांगितलें व कोणत्या दिवशीं सांगितलें, हें खालीं लिहावें. घरांत जुनीं छायाचित्रें असतील तर त्यांतील माणसांचीं नांवें आजच विचारून पाठीमागें शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावीं. कोट घालून खुर्चीवर बसलेला आणि कोणाचाही कोणी नसलेला असा एकेक गृहस्थ किती घरांच्या भिंतींवर टांगलेला आम्हीं पाहिला आहे!

आणखी एक गोष्ट. मुलें जी वंशावळ लिहून आणतात तींत बहुधा पुरुषच असतात. जणूं काय या घराण्यांत स्त्रिया कधीं आल्याच नाहींत. वास्तविक आजीचें माहेर, पणजीचें माहेर हीं विचारलीं नाहींत तर अर्धें घराणें बाहेरच राहिलें. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाया आपल्या भावांचीं नांवें आणि माहेरचीं गांवें त्या ओव्यांत गुंफीत. अशा ओव्या पाठ असलेली एखादी म्हातारी तुमच्या घरीं असेल, तर तिच्यापाशीं अगोदर जाऊन बसावें.

यानंतर कागद. परंतु कागद लिहिलेला आहे एवढ्यावरून तो खराच, असें समजूं नये. आमच्या शाळेचें जुनें जनरल रजिस्टर उघडलें तर कित्येक मुलांचा जन्म १ जून या एकाच दिवशीं झाल्याचें दिसतें. हा कांहीं चमत्कार नव्हे. शाळा जूनमध्यें उघडे. बाप मुलाचा हात धरून आणी. जन्मतारीख त्याला ठाऊक नसे. मग मास्तर मुलाच्या उंचीकडे पाहून वर्ष ठरवीत आणि १ जून लिहून मोकळे होत. शकाचें सालही असेंच फसवितें. शकांत ७८ मिळवावे, हा नियम सर्वांस ठाऊक असतो. पण शकाचें वर्ष चैत्रांत पालटतें, म्हणून शके १७९८ चा चैत्र १८७६ मध्यें आणि त्याच शकाचा माघ १८७७ मध्यें पडतो. एखाद्या कागदावर नुसतें ‘धाता संवत्सर’ असलें तर अडचण विशेषच, कारण संवत्सरांचें चक्र साठ वर्षांनीं फिरून येतें. तो धाता १८१६ चा, १८७६ चा कीं १९३६ चा, हें दुसऱ्या पुराव्यानें ठरवावें लागतें. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. त्यामुळें एका कागदांत ‘राणू वल्लद बाळा’ आणि दुसऱ्यांत ‘बाळा वल्लद राणू’ आढळले, कीं बाप कोणता आणि लेक कोणता याचा घोटाळा होऊन कधीं कधीं सबंध पिढीच गिळली जाते.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांस एक सोय आहे, ती म्हणजे मंडळीच्या नोंदवह्या. नगरास अमेरिकन मिशनचें ठाणें १८३१ सालीं झालें. बाप्तिस्मा, विवाह आणि पुरणें यांच्या नोंदी जेथें नीट ठेविल्या व वाळवीपासून वांचल्या, तेथें तीनचार पिढ्यांचा माग लागणें कठीण नाहीं. त्यांतल्या त्यांत विवाहाची वही फार उपयोगाची. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यानें या नोंदीचा नमुना ठरवून दिलेला असल्यामुळें तींत वधूवरांचीं वयें, धंदा, राहण्याचें ठिकाण आणि दोघांच्याही वडिलांचीं नांवें मिळतात. त्याशिवाय १८४२ सालीं नगरांत निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या जुन्या फायली आहेत. थोरामोठ्यांची नव्हे, तर खेड्यांतील उपदेशकांची व पंतोजींचीही वार्ता अशा पत्रांतून येते.

आतां आमच्या चौथ्या ओळीचें काय झालें तें सांगतों. आमच्या घरीं लहानपणापासून एक कथा चालत आली होती. आमचे पणजोबा हे कोणा पलटणीच्या सुभेदाराचे चिरंजीव. घरीं घोडा होता, तलवार होती. मोठेपणीं स्वतः विचार करून ते ख्रिस्ती झाले. ती तलवार कोणींही पाहिलेली नव्हती. परंतु दर नाताळाला ती एखाद्या बोटानें लांब होत असे. आम्हीं दोन सुट्या खर्चून जुन्या वह्या चाळल्या. १९०० सालच्या बाप्तिस्म्याच्या वहींत त्यांच्या नांवाची एक ओळ सांपडली, ती अशी: वय सुमारें आठ, आईबाप ठाऊक नाहींत, गांव ठाऊक नाहीं, शेरा, दुष्काळांतील. त्याखालच्या ओळींत एक मुलगी होती. नांव सोनी, वय सुमारें पांच, शेरा, वरील मुलाची बहीण.

नुसत्या नांवावरून हेच आमचे पणजोबा, असें मानणें बरोबर झालें नसतें, कारण तेंच नांव त्या वहींत आणखी दोघांचें होतें. म्हणून विवाहाची वही काढली. तींत पणजींचें नांव आम्हांस ठाऊक होतें तेंच मिळालें. वराच्या वडिलांच्या रकान्यांत ‘अनाथ’ असें होतें. आणि आमचें आडनांव तेथें पहिल्यानें दिसलें. तें आडनांव ज्या पंतोजींनीं त्यांस लहानाचें मोठें केलें त्यांचें होतें, हें साक्षीदाराच्या सहीवरून उघड झालें. सोनीची ओळ विवाहाच्या वहींत कोठेंच नव्हती. ती पुरण्याच्या वहींत सांपडली, बाप्तिस्म्यानंतर चार महिन्यांनीं.

हा कागद उतरून घेऊन आम्ही आमच्या वडील आत्यांकडे गेलों. त्यांचें वय ऐंशींच्या पुढें आहे, आणि पणजोबांस त्यांनीं चांगलें पाहिलेलें आहे. सुभेदाराची गोष्ट गेली याचें त्यांस वाईट वाटलें, व प्रथम त्या म्हणाल्या, ‘बाळ, हें कोठें लिहूं नको.’ मग त्यांनीं दुसरी ओळ वाचावयास सांगितली. आम्हीं ती वाचली. आत्यांचें शाळेंतील नांव निराळें आहे. परंतु घरांत त्यांना सोनी म्हणत, आणि तें नांव त्यांच्या आजोबांनींच ठेविलें होतें. असें कां, म्हणून त्यांच्या आईनें एकदां विचारलें असतां आजोबा कांहीं न बोलतां उठून अंगणांत गेले, इतकेंच त्यांस आठवत होतें. पुष्कळ वेळानें त्या म्हणाल्या, ‘लिही. तिचें नांवही लिही.’ त्यांच्या परवानगीनेंच हें येथें दिलें आहे.

घराण्याचा शोध घेणाऱ्यानें अशा प्रसंगास तयार असावें. वहींत सुभेदार न निघतां अनाथ मूल निघतें. क्वचित् दत्तक, क्वचित् तुरुंग, क्वचित् कर्ज निघतें. आणि आमच्यांपैकीं पुष्कळांच्या बाबतींत जात निघते. नगर जिल्ह्यांतील मंडळ्यांचे बहुसंख्य पूर्वज महार व मांग समाजांतील होते, हें जुन्या वह्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे. कांहीं पालकांस तें मुलांनीं वाचूं नये असें वाटतें. त्यांचा संकोच आम्ही समजतों. तो कोणीं लादलेल्या अपमानांतून आला आहे हेंही समजतों. तथापि तो अपमान करणाऱ्यांचा इतिहास आहे, सोसणाऱ्यांचा दोष नव्हे. आणि ज्यांनीं तो सोसून मुलांस पाटीपुस्तक दिलें त्यांचीं नांवें आपणच झांकून ठेवावीं, हें आम्हांस तरी पटत नाहीं. मात्र जिवंत माणसाचें गुपित त्याच्या इच्छेविरुद्ध चारचौघांत वाचूं नये. वहींत लिहावें आणि वही मिटून ठेवावी.

मंडळीच्या वह्यांच्या मागें गेलों कीं सरकारी व गांवकी कागदांकडे वळावें लागतें. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं सातबारावरच न थांबतां त्यावरील फेरफाराचे नंबर पाहून ते जुने फेरफार काढावे. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला. खातेदार मयत झाला कीं वारसांची नोंद होई, आणि तींत विधवा, मुलगे, मुली, त्यांचीं वयें, असें सगळें कुटुंबच एका ओळींत उभें राहतें. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गांवच्या कोतवाल बुकांत असतात. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्याचें काम राज्यभर निघालें, तेव्हां हीं बुकें व असलीं दप्तरें पुष्कळ वर्षांनीं उघडलीं गेलीं आणि मोडी वाचणाऱ्यांस एकाएकीं मागणी आली.

‘आमच्याकडे जमीनच नव्हती, मग कागद कोठून असणार?’ असें कित्येक मुलें म्हणतात. हा समज सर्वस्वीं खरा नाहीं. महार हा गांवचा वतनदार होता, आणि गांवच्या शिवेचा तंटा पडला तर त्याच्या साक्षीवांचून निकाल होत नसे. मराठेशाहींत गोतसभेनें निवाडा केला म्हणजे महजर लिहीत, आणि त्यावर पाटील, कुळकर्णी व बलुतेदार यांचीं नांवें येत. ज्यांस लिहितां येत नसे ते आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, आणि ज्याचें त्याचें असेंच. हलकीं म्हटलेलीं हीं वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं; तेव्हां त्या जमिनींच्या व वारसांच्या चौकशा झाल्या, त्यांचे कागद तहसील कचेऱ्यांत शोधण्यासारखे आहेत.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूंच्या कुळींचीं नांवें पिढ्यान् पिढ्या उतरलेलीं असतात. दक्षिणेकडे सोलापूर, सांगली, कोल्हापूर या बाजूस हेळवी लोक घरोघर फिरून यजमानांच्या वंशावळी वाचून दाखवितात. ज्यांना देवळाच्या पायरीजवळही येऊं देत नसत त्यांच्या वंशजांस तीर्थांच्या वह्यांचा उपयोग थोडाच. तरी वर्गांतील इतर मुलांनीं त्या जरूर पाहाव्या. आंतरजालावर तयार वंशवृक्ष मिळतात, त्यांतील पुष्कळसे तीनचार उड्यांत एखाद्या राजापर्यंत पोंचतात. आमच्या सुभेदाराचे ते भाऊबंद समजावे.

जुन्या कागदांपैकीं पुष्कळसे मोडींत आहेत, म्हणून ज्यास या कामाची गोडी लागली त्यानें मोडी शिकलीच पाहिजे. नेटानें बसल्यास अक्षरें थोड्या आठवड्यांत ओळखूं येतात. जोडून लिहिलेलें वाचावयास मात्र डोळ्यांस संवय लागते. या कामाचा कित्ता म्हणून इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचें नांव घ्यावें. सरकारी मदतीवांचून गांवोगांव पायपीट करून त्यांनीं लोकांच्या माळ्यांवरचीं दप्तरें गोळा केलीं, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें बावीस खंड काढले. १९१० सालीं पुण्यास स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ हेंही त्यांच्याच खटपटीचें फळ. पेशवे दप्तरांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पंचेचाळीस भागांत छापले, ते मोठ्या ग्रंथालयांत मिळतात.

आतां गांवाविषयीं. घराण्याचा धागा जेथें तुटतो तेथें गांवाचा इतिहास हातीं धरावा. आमच्या पणजोबांचें गांव आम्हांस सांपडलें नाहीं. परंतु १८९९ सालीं पावसानें दगा दिला, विहिरी आटल्या, जनावरें मेलीं, माणसें कामाच्या शोधांत घरें सोडून निघालीं, आणि वाटेवर आईबापांस मुकलेलीं मुलें मिशनच्या आश्रमांत आलीं, हें ठाऊक झाल्यावर त्या ‘ठाऊक नाहीं’ या शब्दांचा अर्थ कळला. त्याच दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं गुजराथेंतून शेंकडों मुली दौंड तालुक्यांतील केडगांवास आपल्या मुक्तिसदनांत आणल्या. म्हणून तुमच्यापैकीं कोणाच्या पणजीच्या बोलण्यांत एखादा गुजराती शब्द येत असल्याची आठवण घरांत असेल, तर तिची थट्टा करूं नका. तो पुरावा आहे. नगरावरून जाणारा दौंड–मनमाडचा लोहमार्गही त्याच्या आधींच्या, १८७६–७८ च्या, दुष्काळाचें स्मारक आहे. त्याच्या भरावाची माती वाहणारे मजूर भुकेले शेतकरी होते. १८८४ सालीं निघालेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्या काळचें वर्णन तालुकावार मिळतें.

गांवांतील दगडही वाचावयास शिकावें. वेशीजवळ किंवा मारुतीच्या पाराशीं शेंदूर फांसलेली उभी शिळा असते. तिच्या तळाशीं लढणारा वीर किंवा गाईंचा कळप, वरच्या चौकटींत त्यास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, आणि माथ्याशीं चंद्रसूर्य असले तर तो वीरगळ. गाई राखतांना किंवा गांव राखतांना पडलेल्या कोणा पूर्वजाचा तो दगड होय. बहुधा त्यावर नांव नसतें.

लोकांच्या तोंडच्या नांवावर भरंवसा ठेवण्यापूर्वीं मात्र एक वेळ थांबावें. नगरच्या, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या शहराच्या पूर्वेस, डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. तुम्हीं सर्वांनीं तेथें सहलीस जाऊन भेळ खाल्ली आहे, व ती ‘चांदबिबीचा महाल’ असेंच तुम्ही तिला म्हणतां. तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीनें १५९५ च्या अखेरीस पडलेल्या मोंगलांच्या वेढ्यांत जो लढविला तो भुईकोट किल्ला शहरालगत आहे, आणि तेथें ज्यांना नेतां येईल त्यांना आम्ही नेतोंच. शूर राणीची आठवण लोकांस ठेवावीशी वाटली, आणि उंचावर दिसणारी सुंदर इमारत त्यांनीं तिला देऊन टाकली. आमच्या घरच्यांनीं पणजोबांना तलवार दिली, त्यांतलाच हा प्रकार. अशीं नांवें खोटीं ठरलीं तरी खोडून टाकूं नयेत. ‘लोक असें म्हणतात’ या मथळ्याखालीं तीं निराळ्या पानावर लिहून ठेवावीं.

आमच्या वहींत पणजोबांच्या गांवाचा रकाना अद्याप कोराच आहे. ‘ज्ञानोदया’च्या १९०० सालच्या अंकांतून त्या वेळच्या मुलांची कांहीं हकीकत मिळते कीं काय, हें येत्या सुटींत पाहावयाचें आहे. ज्या मुलांना आपापल्या कोऱ्या ओळींचा शोध घ्यावयाचा असेल, त्यांच्याकरितां शाळेचीं जुनीं रजिस्टरें दर शनिवारीं दुपारीं ग्रंथालयांत मांडून ठेवूं. येतांना हात धुऊन यावें, आणि पेन न आणतां शिसपेन्सिल आणावी.